परसातली एल्डरबेरी: काडीपासून पाकापर्यंत

न्यू जर्सीतल्या मराठी घरात कढीपत्त्याची कुंडी असतेच. ऑक्टोबर लागला की ती उचलून आत आणायची, दक्षिणेच्या खिडकीपाशी ठेवायची, पानं गळायला लागली की काळजी करायची आणि मे महिन्यात पुन्हा अंगणात न्यायची. मीही हे कितीतरी वर्षं करते आहे, पुढेही करीन. पण ज्याला इथली थंडी, इथला बर्फ आणि इथली चिकट माती माहेरची वाटते, असं एक तरी फळझाड परसात असावं असं मला मनापासून वाटतं. नव्याने घर घेतलेली मुलं-मुली विचारतात, "सुरुवात कशाने करू?" तेव्हा मी एल्डरबेरीचं नाव सांगते.

हे झुडूप इथलंच आहे. जून महिन्यात ओढ्याच्या कडेने, रस्त्यालगतच्या चरांमध्ये ताटलीएवढे पांढरे तुरे दिसतात ना, ती बहुतेक रानटी एल्डरबेरीच. श्रावण सरता सरता त्याच तुऱ्यांचे काळ्या-जांभळ्या मण्यांचे घोस होतात आणि वजनाने खाली वाकतात. गणपतीच्या आगेमागे तोडणी सुरू होते. झुडूप सहा ते बारा फूट वाढतं, जमिनीतून दरवर्षी नवे फुटवे काढतं आणि नीट सांभाळलं तर वर्षानुवर्षं फळतं. मात्र तीन गोष्टींत ते तडजोड करत नाही: मुळांशी ओल हवी, जुन्या काड्या वेळेवर निघायला हव्यात आणि फळ शिजवल्याशिवाय तोंडात जाता कामा नये. हा सगळा लेख या तीन गोष्टींचाच विस्तार आहे.

लिहिते ते मध्य न्यू जर्सीच्या अनुभवावरून. पेनसिल्व्हेनिया, ओहायो, मिशिगन, इलिनॉय, ओंटारिओ इथे थोड्या मागेपुढे तारखांनी हेच चालतं. इंग्लंड-जर्मनीत राहणाऱ्यांसाठी युरोपीय जात वेगळी आहे. छाटणीत तो फरक महत्त्वाचा ठरतो, तिथे सांगेन.

आधी ओळख

लावायचं रोप विकत आणणार असलात तरी ओळख पक्की करून घ्या, कारण एकदा डोळा बसला की रानातही एल्डरबेरी दिसू लागते आणि मग हात शिवशिवतात.

पानं समोरासमोर जोडीने येतात. एका देठावर कडुनिंबासारख्या पर्णिका असतात, बहुधा सात, कधी पाच किंवा नऊ, कडा करवतीसारख्या दातेरी. काडीवर बारीक बारीक पुटकुळ्या असतात आणि काडी कापली तर आत पांढरा, स्पंजसारखा मऊ गाभा दिसतो. फुलं आणि फळं छत्रीसारख्या पसरट तुऱ्यात येतात.

इथे प्रत्येक कुंपणाच्या कडेला पोकवीड नावाचं एक तण उगवतं. त्याचीही फळं काळी-जांभळी, म्हणून नवखा माणूस फसतो. पण त्याचा दांडा गुळगुळीत, गुलाबी-लाल आणि रसाळ असतो, पानं अखंड आणि एकेकटी असतात, आणि फळं लांब लोंबणाऱ्या मंजिरीवर येतात. ते विषारी आहे. दुसरं वॉटर हेमलॉक. पाणथळ जागी वाढतं, त्याचेही पांढरे छत्रीसारखे तुरे असतात, आणि ते तर जीवघेणं आहे. त्याला लाकडी खोड नसतं, पानं समोरासमोर नसतात. "पांढरा तुरा म्हणजे एल्डर" एवढ्यावर कधीही विसंबू नका. खोड, पान आणि तुरा या तिन्ही खुणा जुळल्या पाहिजेत. लाल फळांची एल्डरबेरीही रानात आढळते. ती खाण्यासाठी लावू नये.

वाण निवडताना

माझं पहिलं रोप मी एका मोठ्या दुकानातून आणलं होतं. चिठ्ठीवर फक्त "एल्डरबेरी" लिहिलेलं. आलं ते काळ्या, बारीक कातरलेल्या पानांचं शोभेचं झुडूप. दिसायला देखणं, पण तीन उन्हाळ्यांत मिळून वाटीभर फळं. ते युरोपीय जातीचं शोभेचं वाण आहे हे मला फार उशिरा कळलं. तेव्हापासून मी वाणाचं नाव विचारल्याशिवाय रोप घेत नाही, आणि तुम्हीही घेऊ नका.

ईशान्य अमेरिकेत फळासाठी दोन जुनी, खात्रीची नावं म्हणजे ॲडम्स आणि यॉर्क. दोन्ही न्यूयॉर्क राज्यातल्या जिनीव्हाच्या कृषी संशोधन केंद्रातून आली, ॲडम्स १९२६ मध्ये आणि यॉर्क १९६४ मध्ये. यॉर्कची फळं टपोरी असतात आणि थोडी उशिरा पिकतात. कॅनडाच्या नोव्हा स्कॉशियात तयार झालेली नोव्हा आणि जॉन्स थंड भागात चांगली. मिसुरीतल्या विद्यापीठीय संशोधकांनी २०१० मध्ये वाइल्डवुड आणि २०११ मध्ये बॉब गॉर्डन ही वाणं प्रसारित केली. मूळ झाडं अनुक्रमे ओक्लाहोमा आणि मिसुरीतल्या रानात सापडलेली, त्यामुळे उन्हाळा कडक असेल तिथे ती जोमाने वाढतात.

एकच रोप लावलं तरी थोडी फळं येतात, पण दोन निरनिराळी वाणं जवळ असली की परागीभवन चांगलं होऊन घोस भरतात. दोघांत पन्नास-साठ फुटांपेक्षा जास्त अंतर नको. ॲडम्स आणि यॉर्क ही जोडी एकमेकांना छान सांभाळून घेते. शेजाऱ्याशी बोलून एक त्याच्या अंगणात आणि एक तुमच्या, असंही करता येतं.

जागा आणि माती

दिवसातून निदान सहा तास ऊन मिळेल अशी जागा हवी. अर्ध्या सावलीत झुडूप जगतं, हिरवंगार राहतं, पण फळ कमी देतं. छपरावरचं पाणी जिथे उतरून येतं, हिरवळीचा जो कोपरा पावसानंतर दोन दिवस ओलसर राहतो, तो याच्या आवडीचा. पण ओल वेगळी आणि पाणी साचून राहणं वेगळं. एक हातभर खड्डा खणून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी तसंच असेल तर तिथे माती चढवून उंच वाफा करा किंवा जागा बदला.

सॉमरसेट, हंटरडन, मिडलसेक्स या भागांत कुदळ मारली की तांबडी माती लागते. पहिल्यांदा पाहिली तेव्हा मला कोकणच आठवलं. पण ही जांभ्याची माती नाही. लाल पाटीच्या दगडापासून झालेली ही चिकण आहे. ओली असताना पायाला लोण्यासारखी चिकटते आणि वाळली की विटेसारखी होते. एल्डरबेरीला ती चालते, फक्त वाफसा पाहून काम करा. मूठभर माती दाबून पाहायची. गोळा झाला आणि बोटाने ढकलताच फुटला, तर वाफसा आला. नुसताच चेपला गेला, तर आणखी दोन-चार दिवस थांबायचं. ओल्या चिकणमातीत खणलेल्या खड्ड्याच्या भिंती लिंपल्यासारख्या गुळगुळीत होतात आणि कोवळी मुळं त्यातून बाहेर पडू शकत नाहीत.

मातीचा सामू (पीएच) साडेपाच ते साडेसहा असला की उत्तम. ब्लूबेरीसारखे याचे नखरे नाहीत, तरी एकदा माती तपासून घ्या. रटगर्स विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत न्यू जर्सीकरांना माती पाठवता येते, इतर राज्यांतही तिथल्या कृषी विद्यापीठाची अशी सोय बहुधा असतेच. अहवालात कोणतं खत किती, हेही लिहून येतं.

खणण्याआधी ८११ या क्रमांकावर फोन करायला विसरू नका. गॅस, वीज, टेलिफोन यांच्या जमिनीखालच्या वाहिन्या कुठून जातात हे ते फुकट खुणा करून दाखवतात. वसाहतीची संघटना असेल तर तिची परवानगीही आधीच घ्या. बारा फुटांचं झुडूप कुणाच्या नजरेतून सुटत नाही.

भिंतीपासून आणि कुंपणापासून सहा फूट तरी लांब लावा. दोन झुडपांत सहा ते आठ फूट. रोप आणलं तेव्हा ते एवढंसं दिसतं आणि इतकी जागा मोकळी सोडणं जिवावर येतं, पण तिसऱ्या वर्षी पटतं.

लागवड

कुंडीतलं रोप वसंतात कधीही लावता येतं. उघड्या मुळांचं मिळालं तर जमीन मोकळी होताच, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिल, लावून टाकावं. अशी मुळं लावण्याआधी तासभर पाण्यात बुडवून ठेवा.

खड्डा मुळांच्या पसाऱ्याच्या दुप्पट रुंद, पण खोल फार नको. याची मुळं आंब्यासारखी खाली जात नाहीत, वरच्या थरातच चटईसारखी पसरतात. कुजलेलं कंपोस्ट किंवा जुनं शेणखत त्याच मातीत मिसळा. रोप रोपवाटिकेत जेवढं खोल होतं तेवढंच ठेवा, माती पायाने हलकेच दाबा, भोवती आळं करा आणि भरपूर पाणी द्या. रासायनिक खत पहिल्या वर्षी अजिबात नको.

मग आच्छादन. लाकडाचा भुगा-चिपळ्या, वाळकं गवत, शरदात गोळा केलेली पानं, जे हाताशी असेल ते तीन-चार इंच जाडीने पसरा, फक्त खोडाला टेकू देऊ नका. आच्छादनाचं महत्त्व मी पहिल्यांदा कमी लेखलं. तण वाढलं म्हणून खुरपं घेऊन खोलवर खुरपणी केली, आणि जुलैच्या उन्हात झुडूप मान टाकून बसलं. तणाबरोबर मी त्याची पाणी पिणारी मुळंच तोडली होती. याच्या बुंध्याशी खुरपं वरवरच फिरवायचं. शक्यतो हातानेच तण उपटायचं.

काडीवरून रोप

ज्यांच्या घरी द्राक्षबाग होती त्यांना हे शिकवावं लागणार नाही. मी निफाडकडची. काडी, डोळा, छाटणी हे शब्द कानावर घेऊनच मोठी झाले, आणि एल्डरबेरीची भाषा नेमकी तीच निघाली.

फेब्रुवारी-मार्चमध्ये, डोळे (म्हणजे काडीवरच्या, पालवी फुटायच्या कळ्या) फुगायच्या आधी, मागच्या वर्षीची पेन्सिलीएवढी जाड काडी घ्या. आठ-दहा इंचांचे तुकडे करा, प्रत्येकावर डोळ्यांच्या दोन-तीन जोड्या हव्यात. खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली आणि तिरपा, वरचा काप डोळ्याच्या इंचभर वर आणि सरळ. म्हणजे कोणतं टोक जमिनीत जायचं याचा घोळ होत नाही. ओलसर, निचऱ्याच्या मिश्रणाने भरलेल्या कुंडीत निम्म्याहून अधिक काडी खोचा आणि उजेडात, पण उन्हाची तिरीप लागणार नाही अशा ठिकाणी ठेवा.

दोन-तीन आठवड्यांत पानं फुटतील आणि तुम्हाला वाटेल, झालं! पण पानं काडीत साठवलेल्या अन्नावर फुटतात, मुळं त्यानंतर येतात. या टप्प्यावर उत्सुकतेने काडी उपटून पाहिली की ती गेली. दीड-दोन महिने ओल राखा, हात लावू नका. कुंडीच्या तळाच्या भोकातून पांढरी मुळं डोकावली की मेच्या मध्यानंतर जमिनीत लावा.

बियांपासून रोप होतं, पण बियांना आधी ऊब आणि मग लांब थंडी द्यावी लागते आणि फळ आईसारखं येईल याची शाश्वती नाही. तो मार्ग धरू नका.

पहिली दोन वर्षं

पहिल्या उन्हाळ्यात झुडपाला तुरे येतील. ते कापून टाका. हे सांगितलं की नवीन माणसाचा चेहरा उतरतो, मला समजतं. पण त्या वर्षी झुडपाची सगळी ताकद मुळांत जायला हवी. दुसऱ्या वर्षी थोडी फळं घ्या. तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून झुडूप भरात येतं, आणि चांगल्या झुडपाला एका हंगामात बारा ते पंधरा पौंड फळ लागतं.

पाणी आठवड्याला इंचभर, पावसासकट. जून ते ऑगस्ट पाऊस दडी मारेल तेव्हा यात कसूर नको. दुसऱ्या वर्षापासून वसंताच्या सुरुवातीला कंपोस्ट द्या. माती हलकी असेल तर १०-१०-१० खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं) झुडपाच्या वयाच्या दर वर्षामागे अर्धा पौंड, आणि कितीही वय झालं तरी चार पौंडांपेक्षा जास्त नाही. खत बुंध्याशी न टाकता आळ्याच्या कडेने पसरायचं.

हरणं! न्यू जर्सीच्या उपनगरात राहून हरणांचा विचार न करता काही लावणं म्हणजे त्यांना पान वाढणं. पहिली दोन वर्षं प्रत्येक रोपाभोवती पाच फूट उंच जाळीचा गोल पिंजरा करा. झुडूप डोक्यावर गेलं की शेंडे वाचतात.

छाटणी

इथे थोडं रेंगाळणार आहे, कारण एल्डरबेरी बिघडते ती छाटणीअभावी. मी स्वतः चार वर्षं हात लावला नव्हता. माझ्या झुडपाच्या आत वाळलेल्या फांद्यांचं जाळं झालं, खोडकिड्याने घर केलं आणि घोस मुठीएवढे येऊ लागले.

एल्डरबेरीची काडी तीन वर्षांची असते असं समजा. पहिल्या वर्षी ती सरळ सोट वर जाते, फांद्या जवळजवळ नाहीत, साल फिकट तपकिरी आणि गुळगुळीत. दुसऱ्या वर्षी तिला बाजूच्या फांद्या फुटतात आणि त्यांच्या टोकांवर तुरे येतात. हेच तिचं ऐन उमेदीचं वय. तिसऱ्या वर्षीही ती फळते, पण साल करडी, खडबडीत व्हायला लागते. चौथ्या वर्षी शेंडे वाळतात, तुरे लहान होतात, आणि कीड आधी तिलाच गाठते.

फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या मध्यापर्यंत, पानं नसताना, झुडपासमोर उभं राहा. कात्री उचलण्याआधी पाच मिनिटं नुसतं पाहा आणि कोणती काडी किती वर्षांची हे मनाशी ठरवा. मग मेलेल्या, मोडलेल्या आणि जमिनीवर लोळणाऱ्या काड्या काढा. त्यानंतर तीन वर्षं पूर्ण झालेल्या सगळ्या काड्या जमिनीलगत करवतीने कापा. अर्धवट बुडखे ठेवू नका, त्यांच्या मऊ गाभ्यातून किडीला वाट मिळते. उरलेल्यांतून एक वर्ष पूर्ण झालेल्या आणि दोन वर्षं पूर्ण करून तिसऱ्यात पाऊल टाकणाऱ्या दणकट काड्या साधारण सारख्या संख्येने ठेवा. एकूण सहा ते नऊ. दरवर्षी एवढं केलं की झुडूप कधी म्हातारं होत नाही. मुख्य झुडपापासून लांब निघालेले फुटवे खणून काढा. ते मुळांसकट निघाले तर तीच नवी रोपं.

दुसरी पद्धत द्राक्षाच्या खरड छाटणीची आठवण करून देणारी आहे. सगळ्याच्या सगळ्या काड्या जमिनीपासून दोन-तीन इंचांवर कापायच्या. अमेरिकन एल्डरबेरी त्याच वर्षीच्या नव्या फुटव्यांवरही तुरे धरते, त्यामुळे पीक बुडत नाही. ते थोडं उशिरा, पण मोठ्या घोसांनी आणि एकदम येतं. खोडकिडाही छाटलेल्या काड्यांबरोबर जातो. मिसुरीकडचे शेतकरी असंच करतात. पाठ धरणाऱ्या, ज्येष्ठ बागकाम्यांना मी हीच पद्धत सुचवते, कारण यात काड्यांची वयं ओळखत बसावं लागत नाही. पण युरोपीय जात मुख्यतः मागच्या वर्षीच्या लाकडावर फुलते. ती अशी सपाट छाटली तर त्या वर्षी फळाचं नाव नको. लंडन-फ्रँकफर्टच्या वाचकांनी पहिलीच पद्धत धरावी.

डेन्मार्कमध्ये या झाडात एल्डरआई राहते अशी जुनी समजूत आहे, आणि लाकूड तोडण्याआधी तिची परवानगी मागायची रीत होती. हे वाचलं तेव्हा मला आजी आठवली. दिवेलागणीनंतर पानाला हात लावू द्यायची नाही. "झाडं झोपलीत," म्हणायची. मी छाटणी सकाळीच करते.

कीड आणि पक्षी

काडीचा शेंडा अचानक माना टाकू लागला आणि खाली बारीक भोक व भुसा दिसला, तर तो खोडकिडा. निरोगी भागापर्यंत काडी कापा आणि कापलेला तुकडा पिशवीत बंद करून फेका. जूनमध्ये निळ्या-नारिंगी रंगाचा, लांब मिशांचा एक अतिशय सुंदर भुंगेरा दिसेल. त्याची अळीही काडी पोखरते, पण तो इथला जुना रहिवासी आहे आणि नुकसान थोडं करतो. मी त्याला राहू देते. जपानी भुंगेरे मात्र सकाळच्या गारव्यात साबणाच्या पाण्यात झटकून टाका. मावा पाण्याच्या फवाऱ्याने जातो. पानांवर आणि देठांवर नारिंगी फुगवटे आले तर तो तांबेरा, तेवढा भाग काढला की पुरे. ऑगस्टअखेर पानांवर भुरी येते, त्यासाठी काही करू नका.

पिकत आलेल्या फळात अंडी घालणारी एक बारीक, ठिपकेदार पंखांची माशी अलीकडच्या वर्षांत सगळ्याच मऊ फळांना त्रास देते. तिच्यावर उपाय एकच. फळ पिकताच तोडा, झाडावर रेंगाळू देऊ नका, आणि लगेच थंड करा.

पक्ष्यांना ही फळं प्रिय आहेत. कॅटबर्ड आणि रॉबिन तर रंग बदलायची वाटच पाहत असतात. जाळी घालायची असेल तर बारीक छिद्रांची, ताणून आणि खाली घट्ट बांधलेली घाला. सैल जाळीत पक्षी आणि साप अडकून मरतात. मी एक झुडूप जाळीत ठेवते आणि एक उघडं. उघडं झुडूप पक्ष्यांच्या वाट्याचं.

तोडणी

घोस पूर्ण काळा-जांभळा झाला, हिरवा मणी एकही उरला नाही आणि घोस खाली वाकला, म्हणजे तोडायला हरकत नाही. सगळे घोस एकदम पिकत नाहीत, दोन-तीन आठवड्यांत दोन-तीन तोडण्या होतात. सकाळी गारव्यात कात्रीने अख्खा घोस कापा. जुने कपडे घाला, याचा डाग जांभळासारखाच जात नाही.

फळ नाजूक असतं, काही तासांत ते शीतकपाटात जायला हवं. देठावरून बारीक मणी सोडवणं हे कंटाळवाणं काम वाटतं, पण युक्ती सोपी आहे. अख्खे घोस ताटात पसरून फ्रीझरमध्ये दगडासारखे गोठवा आणि मग परातीवर हाताने चोळा. मणी टपाटप गळतात. मणी पाण्यात टाकले की हिरवी फळं, देठाचे तुकडे, पाचोळा वर तरंगतो आणि पिकलेलं खाली बसतं. वरचं पाणी ओतून द्या.

चुलीवर

आता सगळ्यात महत्त्वाचं. एल्डरबेरीची पानं, साल, देठ, मुळं आणि कच्ची फळं यांत अशी द्रव्यं असतात की पोटात गेल्यावर त्यांतून सायनाइड सुटतं. ऑगस्ट १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मॉन्टेरी परगण्यात काही लोकांनी रानातली फळं पानं-फांद्यांसकट चेचून कच्चा रस काढला आणि प्यायला. अनेकांना उलट्या, चक्कर, बधिरपणा असा त्रास झाला आणि आठ जणांना हेलिकॉप्टरने रुग्णालयात न्यावं लागलं. सुदैवाने सगळे बरे झाले. म्हणून सांगते: पिकलेली असली तरी न शिजवलेली फळं खायची नाहीत, मुलांना झाडावरून तोडून द्यायची नाहीत, आणि न शिजवलेले मणी मिक्सरमधून कधीही काढायचे नाहीत. मुलांना पोकळ काडीची शिट्टीही करू देऊ नका.

देठ काढून नीट शिजवलेलं फळ मात्र निर्धोक. माझी रीत अशी. दोन कप मणी, दोन कप पाणी, दालचिनीचा बोटभर तुकडा, चार लवंगा, आल्याचे काप. उकळी आली की मंद आचेवर अर्धा-पाऊण तास, पाणी निम्मं होईपर्यंत. मणी पळीने दाबा, फडक्यातून गाळा आणि बिया फेकून द्या. कोमट झाल्यावर कपभर मध. मध कडकडीत गरम पाकात घालायचा नाही हे आपल्या घरांतून वेगळं सांगावं लागत नाही. वर्षाच्या आतल्या बाळाला मध असलेलं काहीही देऊ नका. मधाऐवजी गूळ घातला तर रंग आणखी गडद होतो आणि चव काकवीकडे झुकते, मला तीच आवडते. पातेल्याला हिरवट चिकट थर बसला तर साबणाआधी तेलाचं बोट फिरवा.

हा पाक शीतकपाटात दोन-तीन आठवडे राहतो, पुढे बर्फाच्या साच्यात गोठवून ठेवा. बाटलीत भरून खोलीच्या तापमानाला साठवू नका. या फळात आंबटपणा कमी असतो, टोमॅटो-लोणच्याचा हिशेब इथे लागू पडत नाही.

सर्दी-फ्लूवर रामबाण म्हणून याची फार जाहिरात होते. मी तो हिवाळ्यात गरम पाण्यातून आवडीने घेते, पण औषध म्हणून कुणाला देत नाही. गरोदरपणात, किंवा प्रतिकारशक्तीवरची औषधं चालू असताना डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

जूनमध्ये थोडे तुरे फुलांसाठी काढून घ्या, पण प्रत्येक कापलेला तुरा म्हणजे सप्टेंबरचा एक घोस कमी, हे लक्षात ठेवून. ऑस्ट्रिया-बव्हेरियात हे तुरे पिठात बुडवून तळतात. हादग्याच्या फुलांची भजी खाल्लेल्या माणसाला त्यात नवल वाटणार नाही. मी तांदळाचं पीठ आणि चिमूटभर वेलची घालते. तळताना तुऱ्याचा दांडा हातात धरायचा, खाताना तो टाकून द्यायचा.

काड्या वाटताना

छाटणीच्या वेळी चांगल्या काड्यांचा ढीग पडतो, आणि दर मार्चमध्ये कुणीतरी विचारतंच, "दोन काड्या पुण्याला नेऊ का आईकडे?" नेऊ नका. परवाना आणि वनस्पती-आरोग्याचा दाखला यांशिवाय भारतात रोपं किंवा काड्या नेता येत नाहीत, आणि तो नियम शेतीच्या भल्यासाठीच आहे. गाभ्यातली एखादी अळी किंवा विषाणू सामानातून पार नाशिकपर्यंत पोहोचू शकतो.

इथल्या इथे मात्र हात राखून देऊ नका. काड्या ओल्या कागदात गुंडाळून, पिशवीत घालून शीतकपाटात ठेवल्या तर काही आठवडे टिकतात. दोन वाणांच्या काड्या एकत्र द्या, म्हणजे घेणाऱ्याकडे फळ धरेल. खालचं टोक कोणतं ते दाखवून द्या, आणि प्रत्येक जुडीला वाणाच्या नावाची चिठ्ठी बांधा, पेन्सिलीने लिहिलेली. पेनाची शाई ओलीत पुसून जाते.